बिनवासाची भीती

भालेराव सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी सांगते आहे असं नाही, तोंडावरही म्हणायचे, आणि ते मान हलवून कबूल करायचे, "हाव मॅडम, लई भितो मी."

लिफ्ट, कुत्रं, कुकरची शिट्टी, लग्नाचा मांडव, सगळ्यांना ते सारखेच भ्यायचे. कुठंही गेले की आधी दार कुठं आहे ते बघायचे आणि त्याच्या जवळची खुर्ची धरायचे. सख्ख्या भाच्याच्या लग्नात फोटोसाठी हाका मारमारून मंडळी थकली, तेव्हा हे मांडवाबाहेर पाण्याच्या टँकरच्या सावलीत सापडले. आत हॅलोजन फार तापलेत, म्हणाले. घरात काडीपेटी नव्हती. चहा विजेच्या शेगडीवर, तोही स्वतः समोर उभं राहून. टेरिकॉटचा शर्ट त्यांनी जन्मात घातला नसेल. घासला की ठिणगी पडते म्हणे. असा माणूस सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवतो आणि जगातली सगळी कामं सोडून नेमकं गॅसचं काम निवडतो, याला काय म्हणावं? मी नशीब म्हणायचे. ते म्हणायचे, "ज्याला भ्या वाटतं त्यानंच हे काम करावं मॅडम. बिनधास्त माणसाच्या हाती गॅस देऊ नये."

आमचं मैलापाणी केंद्र नांदेडहून लातूरकडे जाताना लागतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात आणि माझं तिकडं जाणं-येणं आहे. मी तिथं लॅबमध्ये केमिस्ट. गावाचं सांडपाणी आमच्याकडे यायचं, त्यातला गाळ बंद टाकीत कुजायचा आणि त्यातून मिथेन निघायचा. तो आम्ही सरळ हवेत सोडून द्यायचो. सर आले ते या गॅसपासून प्लास्टिक करायला. पुण्याच्या एका संस्थेनं त्यासाठी त्यांना पाठवलं होतं. प्लास्टिक खरं, पण मातीत पुरलं की मातीच होणारं. आणि ते करणार कोण, तर जंतू.

पहिल्या दिवशी मी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. सरांनी ते पाहिलं आणि रागावण्याऐवजी समजावायला बसले.

"समजा, लातूरला क्लासला ठेवलेलं पोरगं हाय. खोलीत कोंडलं, खेळ बंद, डबा मात्र दोन्ही टाइम भरून. काय होईल त्याचं?"

"सुटेल."

"सुटंल! आमचे जंतू तसेच. गॅस पोटभर द्यायचा अन् नत्र तोडायचं. नत्र न्हाई म्हणून वाढता येत न्हाई, मग बिचारे अंगात चरबी धरून बसतात. ती चरबी काढली, वाळवली, की झालं आपलं प्लास्टिक."

आणि झालंही. काही महिन्यांनी त्यांनी माझ्या टेबलावर एक पिवळट चकती आणून ठेवली, ज्वारीच्या पापडाएवढी. वाकवून दाखवली. मी हात लावायला गेले तर म्हणाले, "हळू, हळू." चकतीलाही भ्यायचे की काय कोण जाणे. पण त्या दिवशी दिवसभर ते गुणगुणत होते, आणि गळा अजिबात नसल्यामुळे सगळ्या केंद्राला ते कळलं.

भीतीचं कारण मात्र खोटं नव्हतं. या जंतूंना गॅसबरोबर हवाही लागते. म्हणजे शहाणा माणूस जे दोन पदार्थ जन्मभर एकमेकांपासून लांब ठेवतो, ते आम्ही रोज एका शेडमध्ये आणून एकाच भांड्याला जोडत होतो. प्रमाण चुकलं आणि एक ठिणगी मिळाली की शेड गेली, शेडबरोबर आम्ही गेलो. म्हणून शेडकडे जाताना मोबाइल गेटवरच्या स्टीलच्या डब्यात टाकायचा, पायात खिळ्याची चप्पल नको, अंगावर नायलॉनची साडी नको. माझी एक छान अबोली साडी या माणसापायी कपाटातच राहिली. सरांच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं गॅस मोजायचं छोटं मीटर असायचं. गॅस साठला की त्यावर लाल दिवा लागायचा आणि ते ओरडायचं. आमचा ऑपरेटर मारुती त्याला सरांचं मंगळसूत्र म्हणायचा.

आता खरी गोष्ट वासाची. गाळातून निघालेल्या गॅसला सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास मिथेनचा नव्हे, त्यात मिसळलेल्या दुसऱ्या विषारी गॅसचा, आणि ते विष जंतूंना सोसत नाही. म्हणून गॅस आधी लोखंडाच्या किसानं भरलेल्या गाळणीतून न्यायचा. किस ते विष धरून ठेवायचा आणि पलीकडून स्वच्छ मिथेन निघायचा. मिथेनला स्वतःचा वास नाही. आपल्या घरच्या सिलिंडरला येतो तोही मुद्दाम घातलेला असतो. गाळणी बसवल्यावर मारुतीनं मोठा श्वास घेतला आणि खूश होऊन म्हणाला, "वास गेला, म्हंजी गॅस गेला."

"ब्याडा, ब्याडा!" सर किंचाळले. ते मूळचे उदगीरचे. लहानपणी शेजारी सगळं कानडी, त्यामुळे घाबरले की त्यांच्या तोंडून मराठीतला 'नको' न येता कानडीतला 'ब्याडा' यायचा. "असं म्हणू नको मारुती. वास गेला, गॅस हाय. आता तो कळणार न्हाई एवढंच."

मारुतीनं मान डोलावली. त्याला पटलं नव्हतं हे मला दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही आतून पटलं नव्हतं. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई, पण नाकाला जे लागत नाही त्याला मन भीत नाही.

त्या दिवशी जेवताना सरांनी पेवाची गोष्ट सांगितली. जळकोटकडे त्यांच्या आजोळी जमिनीत ज्वारीची पेवं असायची, तोंडाशी अरुंद आणि पोटात एवढी मोठी की पोत्यांवर पोती मावावीत. आत कोंडलेल्या ज्वारीनं हवा विटलेली असते. म्हणून पेव उघडलं की आधी नुसतं उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. एका लग्नाच्या घाईत त्यांच्या मामानं कंदील सोडलाच नाही. "वाकून वास घेतला," सर म्हणाले. "ज्वारीचाच वास आला. म्हणाला, चांगलं हाय की. उतरला. मी दोरी धरून वर हुतो. दोरी आधी हलत हुती, मग हलायची थांबली."

त्यांची भाकरी तशीच राहिली. त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा कमी केली. सोडली नाही, कमी केली.

गाळणीचा गावाला मात्र केवढा आनंद! केंद्राला लागून असलेली वस्ती वर्षानुवर्षं त्या घाणीत जेवत होती. सोयरीक जुळवायला आलेले पाहुणे नाकाला रुमाल लावून उठून जायचे. आता वास गेला. वस्तीनं ठरवलं, सरांचा सत्कार करायचा. एका सकाळी हलगी वाजवत वीस-पंचवीस माणसं आली. पुढं सरपंचांची आई, अनुसयाकाकू, हातात ओवाळणीचं ताट घेऊन. सगळी वस्ती ज्यांचा शब्द मानते अशा त्या बाई.

सरांनी सगळ्यांना अंगणातच थांबवलं, शेडपासून लांब. पण त्या दिवशी वारा असा सुटला होता की निरांजन लागेना. लावलं की विझायचं. काकूंच्या सुनेनं दोनदा पदराचा आडोसा केला. शेवटी काकू वैतागल्या आणि कुणी काही म्हणायच्या आत तरातरा शेडच्या उघड्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. तिथं भिंतीचा आडोसा होता. निरांजन छान लागलं. "या सर," त्या म्हणाल्या, "हितं या."

सर धावतच गेले. मला वाटलं, काकूंना बाहेर काढायला. तेवढ्यात मला त्यांच्या छातीवरच्या मीटरचा लाल दिवा दिसला. ते ओरडतही असणार, पण हलगीत काही ऐकू आलं नाही. काकू ताट उचलून ओवाळायला लागल्या, आणि सर ताटावर वाकले आणि त्यांनी फुंकर मारून दिवा विझवला.

हलगी थांबली. आपल्याकडे दिवा विझवला असंही कुणी म्हणत नाही, मालवला म्हणतात. फुंकर तर कुणी मारतच नाही. आणि इथं ओवाळणाऱ्या बाईच्या हातातला दिवा, तिच्या तोंडासमोर. काकूंनी ताट छातीशी धरलं. मागून एक पोरगा बोलला, हळू नाही, ऐकू जाईल असं: "ह्यांनी देव सोडले, ह्यांना काय दिव्याचं!" सर बौद्ध आहेत हे त्या क्षणापर्यंत कुणाच्या लक्षातही नव्हतं, किंवा सगळ्यांच्या लक्षात होतं.

मला संताप आला, लाजही वाटली, पण त्याहून जास्त मी घाबरले होते, कारण तो लाल दिवा अजून लागलेलाच होता. सर घामानं निथळत होते. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एका हातानं काकूंचा दंड धरून त्यांना अंगणात आणलं आणि म्हणाले, "चहा तिकडं ठेवलाय, सगळे तिकडं चला." चहा कुठं ठेवलाच नव्हता. चहा न पिता सगळे निघून गेले.

नंतर सापडलं. खारीनं रबरी नळी कुरतडली होती. स्वच्छ, बिनवासाचा गॅस शेडमध्ये साठला होता. आणखी थोडा साठेपर्यंत दिवा जळत राहिला असता, तर ओवाळणाऱ्या काकू, हलगीवाला, मी, कुणीच हे सांगायला उरलं नसतं. सर अंगणात मातीत बसले होते.

मी वस्तीत जाऊन सगळ्यांना सांगितलं. सरपंचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॅस हुता, मग वास कुठं हुता?"

"त्याला वास नसतो."

"असं कसं मॅडम? इतकी वर्सं हुता की."

 वास आम्हीच घालवला होता, त्याच्याबद्दलच तर सत्कार होता. त्याच आठवड्यात सरपंचांच्या भावाची मोटारसायकल औसा रस्त्याला घसरली आणि पाय मोडला. मग तर बोलायलाच नको. फुंकर बाधली, हे वस्तीत नक्की झालं. सर आधी गॅसला भ्यायचे, आता गावालाही भ्यायला लागले. वस्तीतून जाणारा जवळचा रस्ता सोडून ते ओढ्याकडून वळसा घालून यायचे. कुणी मागून "ओ सर" म्हटलं तरी दचकायचे.

तरी ते एकदा काकूंकडे गेले. मला बरोबर चला म्हणाले, म्हणून मी गेले. सर ओसरीवर दाराजवळ अवघडून बसले आणि मामाची, पेवाची सगळी गोष्ट त्यांना सांगितली. काकूंनी ऐकली. मग म्हणाल्या, "पेवातला कंदील मला नका सांगू, सर. आमच्या बी घरी पेव हुतं. पर तिथला दिवा आपसूक जातो. तुमी फुकला."

"हाव काकू. फुकला."

"माझ्या पोराचा पाय मोडला."

 पाणीही न पिता आम्ही निघालो. वाटेत मी काकूंबद्दल दोन शब्द बोलणारच होते, तर सर म्हणाले, "त्यांचं बरोबर हाय. त्यांनी माझ्यावर काय म्हणून इश्वास ठेवावा? माणसाचा इश्वास नाकावर असतो. मामाचा बी नाकावरच हुता." मग ओढ्याजवळ आल्यावर: "मंग नाकालाच सांगू."

त्यांनी काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. गाळणीतला अर्ध्याहून जास्त किस काढून टाकला. गॅसमध्ये थोडा सडका वास मुद्दाम शिल्लक ठेवला, म्हणजे कुठं गळती झाली तर मारुतीला कळावी, मला कळावी, वस्तीतल्या शेंबड्या पोराला कळावी. जंतूंना ते सोसलं नाही. चरबी धरीनात. ज्या चकतीसाठी या माणसानं जन्म घालवला ती चकती बारीक होत होत टिकलीएवढी झाली. मी म्हटलं, "सर, अहो तुमचं सगळं काम बुडेल."

"बुडू दे. जंतू पुन्हा वाढवता येतात."

वस्ती भडकली. फाट्यापर्यंत पुन्हा वास येऊ लागला. "पयले दिवा फुकला, आता वास सोडला," असं बायका त्यांच्यासमोर पदर नाकाला लावून बोलायच्या. सर खाली मान घालून पुढं जायचे आणि थोडं लांब गेल्यावर मला हळूच विचारायचे, "वास येऊन राहिलाय न्हाई का त्यांना?" येतोय म्हटलं की त्यांचा चेहरा सैल पडायचा. इतकी बोलणी खाऊन समाधानी झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आमचे व्यवस्थापक देशमुख साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना वरून फोन यायचे. वस्तीच्या तक्रारी वाढल्या, प्लास्टिक निघेना, तेव्हा पुण्याच्या संस्थेनं सरांना परत बोलावलं. जाण्याआधी उदगीरला घरी जाऊन येतो म्हणाले. मी त्यांना सोडायला फाट्यावर गेले. तिथून आमचं केंद्र समोरच दिसतं, शेताच्या एका पट्टीपलीकडे. लातूरची गाडी यायला वेळ होता. सरांनी गळ्यातलं मीटर काढून माझ्या गळ्यात घातलं. "मला घरी कशाला? तुम्हीच वापरा. अन् लाजू नका घालायला." मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच म्हटलं, "घालते की. आता तुमच्या नावाचं मंगळसूत्र." ते इतके लाजले की पिशवीच हातातून पडली.

गाडी आली. ते चढले, अर्थातच दाराजवळची जागा धरली. खिडकीतून बोलायचं म्हणून काहीतरी बोलायला लागले. "इथं उभं राहून बी वास येतोय न्हाई?"

मी श्वास घेतला. कापलेल्या गवताचा वास आला, डिझेलचा आला. वारा केंद्राकडूनच येत होता.

"नाही हो," मी म्हटलं. "आज नाही येत. साहेबांनी सकाळी नवीन किस भरून घेतलाय. वस्तीचं म्हणणं होतं ना."

"कोणी भरला?"

"मारुतीनं. आणि बरं झालं म्हणे, वास नाही तर वेल्डरलाही बोलावून घेतलं. शेडचं रेलिंग कधीचं मोडलंय."

हे बोलताना मला काहीही वाटलं नव्हतं. सरांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग कळलं. गाडी हलली होती. "ब्याडा, ब्याडा!" करत ते उठले. कंडक्टर ओरडला, गाडी पुरती थांबायच्या आत सर खाली होते. धोतराचा सोगा सावरत पळणारे म्हातारे मी पाहिले आहेत. हा पँटीतला माणूस तसाच पळत होता, दोन्ही हातांनी नसलेलं काहीतरी सावरत. मी त्यांच्यामागं. मला वाटलं शेडकडे जातील. ते गेटवर थांबले, तिथली विजेची पेटी उघडली आणि सगळ्या केंद्राचा मेन खाली ओढला. पंप थांबले. हवेचे पंखे थांबले. शेडच्या दारात गुडघा टेकून बसलेल्या वेल्डरनं हातातला चिमटा हलवून बघितला आणि "अय, लाईट गेली का?" म्हणून हाळी दिली. त्याची पहिली ठिणगी पडायची राहिली होती.

"बाहेर ये," सर ओरडले.  "काही पेटवू नको. हात लावू नको. नुसता चालत ये."

तो आल्यावर मी दारापर्यंत गेले. कुणी सांगितलं नव्हतं, पाय गेले. माझ्या गळ्यातलं मीटर लाल झालं आणि ओरडायला लागलं. मागं फिरताना मी पुन्हा श्वास घेऊन बघितला. स्वच्छ हवा होती. मारुतीनं किस भरताना गाळणीचा पलीकडचा जोड सैल ठेवला होता, हे पुढं कळलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की समोर मरण आहे आणि माझं नाक म्हणतंय की काही नाही.

फाट्यावर गाडी हॉर्न देत उभी होती. त्यांची पिशवी आत राहिली होती. सरांनी गेटचा खांब धरून थोडा दम घेतला. मला म्हणाले, "दारं उघडी ठेवा. मेन वर करू नका, मी सांगितल्याशिवाय. मारुतीला रागवू नका." मग परत गेले, आता चालत. मी गेटवरच थांबले. तिथून हलायची मला हिंमत होत नव्हती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, ते शेताच्या पट्टीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं.

"काय राव सर! अख्खी गाडी खोळंबली. काय इसरलं हुतं येवढं?"

सर पायरीवर चढले. एका हातानं दांडी धरली, दुसऱ्यानं कपाळ पुसलं.

"काही न्हाई," इंजिनाच्या घरघरीवर तेही ओरडून म्हणाले. "बंद करायचं राहिलं हुतं."